डाव्या बुटाचे चार मिलिमीटर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सुशांतचा फोन. गाळ्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं.

"दशादा, संपलं रे. काल लेखी देऊन टाकलं. नऊ फेब्रुवारीला क्लबने निरोपाची मॅच ठेवलीय, अंधेरीला, आपल्याच मैदानावर. मी एक ओव्हर टाकणार. शेवटचा जोड बनव."

मी विचारलं, "वजन किती आता?"

"कोणाचं? माझं का बुटाचं?"

"तुझं. बुटाचं मी ठरवतो."

"एक्क्याण्णव. हसू नकोस."

हसलो नाही. वहीत लिहिलं. पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा बावन्न होता.

आणखी एक काम आहे. क्लब काचेचं कपाट करतोय, त्यात त्याचे जुने बूट ठेवणार. अंजनाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, नऊ जोड जपून ठेवलेत. ते साफ करून द्यायचे.

बावीस वर्षं. तीस जोड, सगळे माझ्या हातचे. भारताकडून सात कसोट्या, एकोणीस विकेट. पाठ आहे सगळं, पण लिहिलं की पक्कं होतं.

बुधवार, ८ जानेवारी

आज काम कमी. तो पहिल्यांदा आला तो दिवस आठवत बसलो.

२००३, ऑगस्ट. चौदा वर्षांचा, काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत. वेसाव्याहून इथे असल्फ्याला माझ्या गाळ्यावर यायला तेव्हा मेट्रो नव्हती, दोन बस बदलून आला होता. कापडी बूट काउंटरवर ठेवले तर गाळाभर सुक्या बोंबलांचा वास. डाव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक, उजव्याचा पुढचा तळ घासून संपलेला.

मी बूट हातात फिरवला आणि म्हटलं, "उजव्या हाताने टाकतोस. पळत येतोस ते वाळूत शिकलास. आणि डावा पाय पडताना आत झुकतो तुझा."

पोरगं घाबरलं. "तुम्ही मला बघितलंय?"

"तुझा तळ बघितला."

लोकांना वाटतं गोलंदाज हाताने टाकतो. बॉल सुटायच्या आधी डावा पाय आपटतो, अंगाच्या सात-आठ पट भार त्या एका पायावर येतो. तो पाय बुटात असतो आणि बूट माझ्याकडे असतो. हे मला कोणत्या कॉलेजात शिकवलं नाही. मी विक्रोळीच्या कंपनीत फिटर होतो, रविवारी क्लबकडून टाकायचो, बरा टाकायचो. स्पाइक्सचे बूट परवडत नव्हते म्हणून स्वतःचे स्वतः दुरुस्त केले, मग टीममधल्यांचे. कंपनी बंद पडली तेव्हा घरी आणलेला मापाचा व्हर्निअर तेवढा राहिला. चामडं कापायची रापी कशी धरायची ते नाक्यावरच्या लवूकाकांच्या हाताकडे बघून घेतलं. ते बूट शिवायचे, मी बाजूला चहा पीत बसायचो. शिकवलं म्हणाल तर एकच वाक्य: "बुटाचा तळवा उलटला की पाय बदलतो. उलटायच्या आधी खूण कर."

त्या दिवशी सुशांतच्या डाव्या बुटाला अंगठ्यासाठी नीट गोल खिडकी कापून दिली. दुसऱ्या रविवारी सहा विकेट घेऊन आला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील.

रविवार, १२ जानेवारी

वेसाव्याला गेलो. अंजनाबाई आता बाजारात बसत नाहीत, गुडघे गेले, पण आवाज तोच. दारातूनच, "आलास काय रं दशरथ! केस कवा पांढरे केलेस?"

"तुमच्या पोराने केले."

"माजे पन त्यानेच केले. बस."

पेटी पुढे ओढली. नऊ जोड, जुन्या सुती लुगड्यात एकेक गुंडाळलेला. "धाकटी पोरगी बोलते, टाक ते, वास मारतान. मी नाय टाकले. पोराचे पाय हायत ते."

प्रत्येक जोडाच्या टोकाला शिवणीत लाल रेघ. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, लावतात तसं त्या नव्या बुटांना हळदकुंकू लावायच्या. त्याशिवाय बूट घराबाहेर जायचा नाही. मी पहिल्यांदा चिडलो होतो, पांढऱ्या चामड्यावर डाग! त्या म्हणाल्या होत्या, "होडी समुद्रात जाते, हा बी जातो." पुढे मीच टोकाची शिवण जरा रुंद ठेवायला लागलो, कुंकू तिथे बसावं म्हणून.

एका जोडावर मात्र रेघ नाही. जोड सतरा. तो घरून गेलाच नव्हता, कुरिअरने परस्पर त्या दौऱ्यावर पाठवला होता. दौऱ्याचं नाव लिहीत नाही. मला माहीत आहे.

हेमांगीने, सुशांतच्या बायकोने, पिशव्या मेट्रोपर्यंत आणून दिल्या. म्हणाली, "काका, हल्ली सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून चालतात. मॅचला जमेल ना?"

एक ओव्हर, जमेल, म्हटलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायकोने, माधुरीने, डब्यात तिळाचे लाडू दिले होते, तसेच आहेत.

आठ जोड साफ झाले. नवव्याला, म्हणजे सतराला, हात घातला. डाव्या बुटाचा आतला तळवा काढला, घाम वाळून पत्र्यासारखा झाला होता. खाली माझा पॅड: चामड्याची चंद्रकोर, जाडी चार मिलिमीटर. सुशांतचा पाय आत झुकतो, म्हणून आतल्या कडेला टेकू.

पॅड बाहेरच्या कडेला आहे.

बुधवार, १५ जानेवारी

तीनदा बघितलं. दिव्याखाली, उन्हात, आणि स्वतःच्या डाव्या पायात घालून. बाहेरच्या कडेला.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहून काढतो म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

त्या दौऱ्यातल्या पहिल्या कसोटीत सुशांतने पाच विकेट घेतल्या. अठ्ठावन्न धावांत पाच. आम्ही गाळ्यातल्या टीव्हीवर बघितलं, अर्धी गल्ली आत होती. संध्याकाळी त्याचा फोन: "दशादा, डावा पाय आतून दुखतोय. टेकू दे ना काहीतरी." मी म्हटलं, उद्या निघतो जोड.

दुसऱ्या दिवशी दुकानात जत्रा. पेढे, शेजारी, नगरसेवकाचा माणूस. त्यातच पेपरवाला आला. मुलाखत. "बुटांचा डॉक्टर" असा मथळा देणार म्हणाला. मी म्हटलं, काम चालू ठेवूनच बोलतो, फोटोही तसाच घ्या. कुरिअरवाला चारला येणार होता.

पॅड तळव्याच्या खालच्या अंगाला चिकटवायचा असतो. म्हणजे तळवा उलटा करावा लागतो. उलटा केला की आतली कड बाहेर दिसते आणि बाहेरची आत. म्हणून आधी आतल्या कडेला पेन्सिलीची फुली. एरवी वीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

त्या दिवशी फुली मारली नाही. मी पेपरवाल्याला सांगत होतो की माझ्याकडून आजपर्यंत अर्ध्या मिलिमीटरची चूक झालेली नाही. ते वाक्य छापून आलंय. फ्रेम करून भिंतीवर लावलंय, काउंटरच्या बरोबर वर.

जोड दुसऱ्या कसोटीला पोचला. तेविसाव्या ओव्हरला सुशांत खाली बसला. डाव्या पावलातलं हाड तडकलं होतं. चौदा महिने घरी. त्याआधी एकशे बेचाळीसने टाकायचा, परत आला तेव्हा एकशे एकतीस. भारताकडून पुन्हा खेळला नाही. डॉक्टर म्हणाले जास्त ओव्हर टाकल्या. सगळे तेच म्हणाले. मीही म्हणालो, मोठ्याने.

पाय आधीच दुखत होता, हे खरं. चार मिलिमीटरने हाड मोडतं का, मला माहीत नाही. पण झुकणाऱ्या पायाला मी आणखी ढकललं, एवढं नक्की.

रविवार, १९ जानेवारी

आज वाईट काम केलं. पॅड सोडवला आणि आतल्या कडेला, जिथे हवा तिथे, चिकटवला. जुन्या डिंकाची खूण घासून काढली. कोणाच्या बापाला कळणार नाही. काचेत ठेवायचा बूट, आत कोण बघतंय?

माधुरी जेवताना म्हणाली, "काय झाला? चार दिवस ताटात रांगोळी काढतास."

सांगितलं. सगळं. ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "मगे तेका सांगा."

"बारा वर्षांनी? निरोपाच्या तोंडावर?"

"बारा वर्षां तेचो पाय दुखता हा. तुमचो आता पाच दिवस दुखाक लागलो."

ही बाई भांडत नाही, त्यामुळे तिच्याशी जिंकता येत नाही.

सोमवार, २० जानेवारी

पॅड परत होता तिथे लावला. बाहेर. तळव्याखाली चिठ्ठी चिकटवली: 'हा पॅड चुकीच्या बाजूला आहे. चूक माझी. दशरथ.' कोणी वाचणार नाही. पण बूट खोटा राहिला नाही.

त्याला सांगायचं तेवढं बाकी. पेपरचं कातरण भिंतीवरून उतरवून घरी कपाटात ठेवलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "रंग काढताय काय?" हो म्हटलं.

रविवार, २६ जानेवारी

सुशांत माप द्यायला आला. गल्लीत झेंडावंदन, स्पीकर कानावर. टोपी घालून मेट्रोने आला, तरी कोपऱ्यावरच्या एकाने ओळखलं. "सर, एक सेल्फी!" फोटो काढून झाल्यावर त्यानेच विचारलं, "सर, तुम्ही बॅटिंग करायचात ना?"

सुशांत हसत आत आला. "बघ दशादा, किती फेमस आहे मी."

स्टुलावर बसवलं, ब्राऊन पेपर पसरला. उजवा पाय साडेदहा, जुनाच. डावा अकरा होता, आता सव्वाअकरा. पावलाचा आतला उंचवटा पूर्ण बसलाय, आणि आतल्या बाजूला हाडाचा टेंगूळ, सुपारीएवढा. पेन्सिल त्या टेंगळाला वळसा घालून गेली. तिथे माझा हात थांबला.

"काय झालं? माप विसरलास?"

जोड सतरा पुढे ठेवला. तळवा उचलून दाखवला. फुली, पेपरवाला, कुरिअर, सगळं सांगितलं. मुद्दे लिहून ठेवले होते, कागद खिशातच राहिला. शेवटी म्हटलं, "तुझं करिअर मी मोडलं असेल, सुशांत. मोडलं का ते मला सांगता येत नाही. पण चूक माझी आहे."

त्याने चिठ्ठी वाचली. मग बुटात हात घालून बराच वेळ पॅडवरून बोट फिरवत बसला. बाहेर स्पीकरवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणत होतं.

आणि एकदम हसला. "अरे येड्या, मला माहीत होतं!"

"काय?"

"पाय घातल्या घातल्या कळलं, उलटा लावलाय. पण नेटमध्ये टाकून बघितलं तर बॉल काय आत यायला लागला! झकास! त्या पाच विकेट कशा आल्या वाटलं तुला? ह्याच बुटात. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी सरळ करून पाठवला असतास. म्हणून गप्प बसलो."

"पण पाय..."

"पाय माझा. ओव्हर मी मागून घेतल्या, कॅप्टन नको म्हणत होता. तू कशाला मध्ये येतोस?" मग बूट माझ्या हातात देत म्हणाला, "शेवटच्या जोडाला पण तिकडेच लाव. बाहेर. चार मिलिमीटर."

"दुखेल."

"सहा बॉलला काय दुखतंय! लाव रे. एकदा आत आणतो शेवटचा."

गेला. मी शटर ओढून घेतलं आणि आत बसून राहिलो. बारा दिवस छातीवर दगड होता, तो उतरला. मी विचार करत होतो मी त्याला मोडला, आणि त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसात माझा वाटा निघाला. चुकीने का होईना. घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मंगळवार, २८ जानेवारी

जोड एकतीस सुरू. वजन एक्क्याण्णव म्हणून टाचेला दुहेरी थर. डाव्याला खिडकी, टेंगळाच्या जागी मऊ चामडं.

सकाळी माधुरीला पुन्हा सगळं सांगत होतो, की पेपरवाल्याचा नंबर शोधतो, पाच विकेट उलट्या पॅडने आल्या ही केवढी बातमी. ती कपाट आवरत होती, कातरण तिच्या हातात. तारीख वाचली. म्हणाली, "पण पेपरवालो तर पाच विकेट घेतल्यानंतर..." आणि थांबली.

"नंतर काय?"

माझ्याकडे बघितलं. कातरण परत ठेवलं. "काय नाय. च्या घेतास?"

चहा घेतला. बायकांना क्रिकेटचं तपशीलवार लक्षात राहत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पॅड लावला. फुली मारली, तळवा उलटला, आणि मुद्दाम बाहेरच्या कडेला. हात ऐकेना. वीस-बावीस वर्षांची सवय आतल्या कडेकडे जात होती. दोनदा डिंक पुसून तिसऱ्यांदा जमलं. जोड तयार. डावा चारशे अठरा ग्रॅम, उजवा चारशे अकरा. हेमांगी घेऊन गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

मैदानावर साडेतीनशे माणूस असेल, खुर्च्या दोनशे. अंजनाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. टोकाला कुंकू लावून झाल्यावर त्यांनी बोट पदराला पुसलं आणि सुशांतला म्हणाल्या, "पडू नको."

"आई, सहाच बॉल."

"बुडायला एकच लाट लागते. जा."

सीमारेषेपाशी बसलो. रनअप पंचवीस पावलांचा होता, आज अकरा. पण शेवटच्या तीन पावलांत तोच, वेसाव्याच्या वाळूतला. पहिला बाहेरून गेला. दुसऱ्यावर चौकार, लोकांनी फलंदाजालाच शिव्या घातल्या. तिसरा, चौथा ठीक. पाचवा टप्पा पडून आत आला! फारसा नाही, वीतभर. फलंदाजाच्या पॅडला लागून लेगला गेला. अपील कोणी केलं नाही, सुशांतने तेवढं केलं, माझ्याकडे तोंड करून. दोन्ही हात वर. "दशादा! आला की नाही आत?"

शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून मी सांगितलं, "चार मिलिमीटर!" तो म्हणाला, "काय?"

सहावा टाकून तो चालत आला, सरळ. लंगडला नाही. बाहेरच्या कडेला पॅड असून लंगडला नाही, याचं मला नवल वाटलं. मला मिठी मारली. घाम तसाच, मीठ आणि बोंबील. बायको, मुलं, कोळंबीची बिर्याणी, आयुष्यात काय काय आलं तरी घामाला वास तोच.

मी त्याला अंजनाबाईंकडे ढकललं. बोललो असतो तर रडलो असतो, आणि क्लबच्या लोकांसमोर ते बरं दिसलं नसतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हेमांगीने जोड एकतीस आणून दिला. हाही कपाटात जाणार, साफ करून द्या म्हणाली. म्हणाली, मॅचनंतर खूप झोपले ते, काल सकाळी अकरापर्यंत.

डाव्या बुटाचा तळवा काढला. खाली पॅड नाही.

फाटून पडलेला नाही. नखाने कड सोडवून, हळूच, डिंक ओढून काढलाय. जागा स्वच्छ. आणि त्या स्वच्छ जागेवर घामाचा डाग आहे, ताजा. म्हणजे टाकायच्या आधी काढला. सहाही बॉल पॅडशिवाय टाकले.

मापांच्या वहीतलं जोड सतराचं पान उघडलं. माझंच अक्षर: 'डावा, पॅड ४ मिमी. सुशांतच्या पाच विकेटच्या दुसऱ्या दिवशी तयार. कुरिअर दुपारी चार.' त्याच्याखाली मीच रेघ ओढलेली आहे.

पान कितीदा वाचलं, मोजलं नाही.

फोन हातात घेतला. त्याचा नंबर काढला. मग फोन काउंटरवर पालथा ठेवला.

संध्याकाळी माधुरी गाळ्यावर आली, भाजी घेऊन घरी जाताना येते तशी. वही उघडी होती. तिने पान बघितलं, मला बघितलं. म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं."

"होय."

"बोलली का नाहीस?"

"तेने इतक्या निगुतीन केल्यान," ती म्हणाली, "माका मोडूचा नव्हता."

ती गेल्यावर वहीत शेवटची नोंद केली. जोड ३१. डावा. वजन आता ४११, उजव्याइतकंच. पॅड: नाही. पुढे कारणाचा रकाना आहे. बावीस वर्षांत एकही रिकामा नाही, कोणीही येऊन बघावं.

हा सोडला.